तिसरी गोळी

माझी वहिनी रुद्राणी १९६७ साली लग्न होऊन आमच्या घरी आली, तेव्हा तिला मराठी जेमतेम येत होतं. माहेर नागणसूरचं, अक्कलकोटच्या पलीकडचं. तिकडं सगळं बोलणं कन्नडमध्येच. पण आम्ही सोलापुरातल्या बाळीवेशीतले लिंगायत. घरात अर्धं कन्नड, अर्धं मराठी चालायचं, त्यामुळे तिचं अडलं नाही. वर्षभरात ती भाजीवालीशी सोलापुरी मराठीत भांडायला लागली आणि आम्ही समजलो, ही आता इथली झाली.

घरात माणसं मोजकी. माझी आई शिवम्मा, थोरला भाऊ नागप्पा, ज्याला मी अण्णा म्हणते, आणि मी, दाक्षायणी. वडील फार लवकर गेले. अण्णा चादरींच्या एका कारखान्यात गठ्ठे बांधायला होता. चादरींचे थर दाबायचे, गोणपाटात शिवायचे आणि ट्रकवर चढवायचे, हे त्याचं काम. लग्नानंतर तीन वर्षांनी वहिनीला मुलगी झाली. तिचं नाव नीला.

वहिनीचं नाव भाकरीसाठी होतं. तिचं भाकरी थापणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू यायचं. कुणाच्या घरी लग्न निघालं की आचाऱ्याआधी तिला बोलावणं. चुलीपुढं मांडी घालून बसली की शंभर भाकरी करूनच उठायची आणि तेवढ्या वेळात चार बायकांना हसवायची. बोलणं भरभर, आवाज खणखणीत. अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, ते फारसं आवडायचं नाही. सुनेचा आवाज उंबऱ्याच्या आत राहावा असं तिचं मत. पण कामाला वाघ आहे म्हणून ती गप्प बसायची.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्या वर्षी हे सुरू झालं. तेव्हा रेशनला लाल मिलो मिळायचा. परदेशातून आलेली ती ज्वारी, तिच्या पिठाला चिकटपणा नाही. भाकरी थापता थापता फाटायची. वहिनी एके दिवशी चौथी भाकरी करताना थांबली आणि म्हणाली, "हे पीठ न्हाय, माती हाय. हात भरून आले माझे." आम्हाला सगळ्यांना ते खरं वाटलं. त्या वर्षी कोण दमलेलं नव्हतं? नळाला दोन दिवसांनी पाणी, पोटाला कमी. गल्लीतली निम्मी माणसं भिंतीला टेकून बसलेली असायची. त्यांच्यातली ती एक.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. ज्वारी आली. बाकीचे उठून कामाला लागले. वहिनी मात्र तशीच राहिली.

तिचं दुखणं विचित्र होतं. सकाळी उठायची ती धडधाकट. पाणी भरायची, अंगण झाडायची, नीलाला न्हाऊ घालायची. दुपार झाली की डाव्या डोळ्याची पापणी खाली यायची. संध्याकाळी दोन्ही. मग जेवायला बसली की चार घास चावून जबडा थांबायचा. हनुवटीखाली हात धरून ती चावायची. बोलायला लागली की पहिली दोन वाक्यं नीट, तिसरं नाकातून. हसायला गेली तर ओठांचे कोपरे वर जायचेच नाहीत. नुसते दात दिसायचे, वाटायचं की ही चिडली आहे. शेजारची फुलाबाई एकदा त्यावरून रुसून गेली होती.

अव्वाचा संशय इथंच होता. "सकाळी घोड्यासारकी पळती आन् भाकरीची येळ झाली की हात गळत्यात. असला कुटं रोग असतोय व्हय?"

आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, शिक्षिका होण्यासाठी डी.एड. करत होते. संध्याकाळच्या भाकरी माझ्या गळ्यात पडल्या होत्या, त्याचा राग होता.

बरेच डॉक्टर झाले. एकाने चष्मा दिला. एकाने लोहाची बाटली दिली. एक म्हणाले, "बाईंच्या मनावर ताण आहे, महिनाभर माहेरी पाठवा." माहेरी गेली, तशीच परत आली. अव्वाने दृष्ट काढली, अंगारा लावला. मग अण्णाच्या कारखान्यातल्या एका मुकादमाने सांगितलं की सरकारी दवाखान्यात डॉक्टर काझी म्हणून नवे आलेत, शांतपणे ऐकून घेतात. मार्च १९७४ मध्ये अण्णा, वहिनी आणि मी त्यांच्याकडे गेलो. अव्वा आली नाही.

डॉक्टर काझी तिशीतले असतील. त्यांनी आधी अण्णाला बोलू दिलं नाही. "त्यांना सांगू द्या," म्हणाले. वहिनीने तिच्या पद्धतीने सांगितलं. मधेच आवाज नाकात गेला तशी ती थांबली, खाली बघायला लागली.

"दमलात? थांबा की, घाई नाही," ते म्हणाले. "आता एक करा. वर छताकडे बघत राहा. पापणी मिटायची नाही."

एक मिनिटही झालं नाही. पापण्या पडदा सोडावा तशा खाली आल्या. डॉक्टरांनी तिला जरा विसावा दिला आणि एकपासून पन्नासपर्यंत मोठ्याने मोजायला सांगितलं.

"कन्नडात मोजलं तर चालंल का?"

"चालेल की."

"ओंदु, येरडु, मूरु..." वहिनी मोजायला लागली. विसापर्यंत तिचा जुना आवाज होता. तीस येईतो तो नाकात गेला आणि छत्तीसनंतर काय म्हणते ते कळेना.

मग त्यांनी एक इंजेक्शन दिलं आणि घड्याळ टेबलावर ठेवलं. आम्ही तिघं बसलो. दहा मिनिटं झाली असतील. मी सहज वहिनीकडे पाहिलं तर तिचे डोळे उघडे होते. दोन्ही, पूर्ण. डॉक्टर म्हणाले, "आता मोजा." ती पन्नासपर्यंत मोजत गेली आणि पन्नासला थांबलीच नाही. साठ, सत्तर... शेवटी डॉक्टरच म्हणाले, "पुरे, पुरे!" तेव्हा ती हसली. दोन वर्षांनी तिचं हसू मी पाहिलं. अण्णा उठून व्हरांड्यात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव कागदावर लिहिलं आणि अर्थ सोप्या भाषेत सांगितला. नस स्नायूला निरोप देते, पण तो निरोप पुरता पोचत नाही. सकाळी विसावलेलं अंग असतं म्हणून निभावतं. एकच हालचाल पुन्हा पुन्हा केली की संपतं. "सोंग नाही, मनाचा आजारही नाही. हा बरा होईल असं मी सांगणार नाही. पण गोळ्या आहेत, त्यांनी ताब्यात राहतो. रोज घ्याव्या लागतील. जन्मभर म्हणायला हरकत नाही. आणि एक लक्षात ठेवा, मनाने जास्त घ्यायच्या नाहीत. कमी पडल्या तरी अशक्तपणा येतो, जास्त झाल्या तरी तोच येतो."

"आन् ह्या इंजेक्शनचं?" वहिनीने विचारलं.

"दोन-तीन तास राहील. मग होतं तसं होईल. घाबरू नका."

दवाखान्याच्या फाटकाशी ती अण्णाला म्हणाली, "अवो, भाजल्या शेंगा घ्या." टांग्यात बसून तिने पाव शेर शेंगा फोडून खाल्ल्या. नुसती चावत होती. वाटेत अण्णाला कारखान्यात चिठ्ठी द्यायची होती, तिथं दोन तास गेले. घरी पोचेपर्यंत पापण्या पुन्हा उतरल्या होत्या. अव्वाने दारातच विचारलं, "मंग? काय फरक पडला?" आम्ही सांगितलं ते तिने ऐकलं आणि वहिनीच्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "मला तर जशी गेली तशीच दिसायली."

गोळ्या सोलापुरात मिळत नव्हत्या. डॉक्टरांनी पुण्याच्या एका औषधवाल्याला पत्र लिहून दिलं. तो दर महिन्याला टपालाने पाठवणार होता. पहिलं पाकीट आलं तेव्हा मी घरीच होते. पांढऱ्या, टिकलीएवढ्या गोळ्या. सकाळी सातला पहिली घ्यायची असं ठरलं होतं. वहिनीने ती तळहातावर घेतली आणि तशीच बसली. आठ वाजले. नऊ वाजले. गोळी घामाने ओलसर झाली.

"घे की वैनी," मी म्हणाले. "कशाला थांबलीस?"

"घेतली की मी आजारी," ती म्हणाली. "तवर नुसती दमलेली हाय."

मी तिच्याजवळ बसून राहिले. साडेदहाला नीला धावत आली आणि "मला उचल" म्हणून तिच्या मांडीवर चढायला लागली. मुलीला उचलणं तिने सहा महिन्यांपूर्वी सोडलं होतं. तिने नीलाकडे पाहिलं, गोळी तोंडात टाकली आणि दुधाच्या घोटाबरोबर गिळली.

पहिले आठ दिवस वाईट गेले. पोटात मुरडा, तोंडाला सारखं पाणी, दिवसातून चार वेळा परसाकडे धाव. अव्वा म्हणाली, "औषध हाय का ईख?" अण्णा डॉक्टरांकडे जाऊन आला. त्यांनी गोळी काहीतरी खाऊनच घ्यायला सांगितली, वेळा बदलून दिल्या आणि मुरड्यासाठी दुसरी बारीक गोळी दिली. मग हळूहळू बसलं. दिवसाला पाच गोळ्या. त्यातल्या दोन जेवणाच्या अर्धा तास आधी, म्हणजे चावायला जबडा साथ देईल. अण्णाने स्वतःचं मनगटी घड्याळ काढून खुंटीला अडकवलं. एप्रिलमध्ये वहिनी दारात उभी राहून फुलाबाईशी बोलताना दिसली आणि मला घर पुन्हा भरल्यासारखं वाटलं. ती आधीसारखी झाली नव्हती. दुपारी झोपावं लागायचं, जिना चढताना थांबायची. पण ती जेवत होती, बोलत होती.

अव्वाचं मात्र मन वळलं नव्हतं. गोळी घेतली की ही बरी, नाही घेतली की पुन्हा तेच. तिच्या मते ही सवय होती, आजार नव्हे. चहाची तल्लफ असते तशी.

आणि मग मे महिन्याच्या आठ तारखेला रेल्वेचा संप सुरू झाला.

आमच्या गल्लीत रेल्वेतली चार-पाच घरं होती, त्यामुळे संपाची बोलणी आम्ही महिनाभर ऐकत होतो. पण त्याचा संबंध वहिनीच्या गोळ्यांशी असेल हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. गाड्या थांबल्या, टपाल थांबलं. दहा तारखेला येणारं पाकीट आलं नाही. उद्या येईल, परवा येईल करत पंधरा तारीख उजाडली. पाकिटात पंचवीस गोळ्या उरल्या होत्या. पाच दिवसांच्या.

अण्णाने वेळ घालवला नाही. एसटीत पाय ठेवायला जागा नव्हती. कारखान्याच्या चादरी घेऊन पुण्याला जाणारा ट्रक होता, ड्रायव्हर गुरप्पा ओळखीचा. त्याच्याशेजारी बसून अण्णा निघाला. "दोन दिवसांत येतो," म्हणाला.

दोन दिवसांनी गुरप्पा एकटाच आला. दारात उभा राहून म्हणाला, "पुण्यात त्या गोळ्या न्हाईत. त्यो दुकानवालाच म्हणला, मुंबईहून येत्यात, माझाच माल आडकलाय. नागप्पा तसाच दुसऱ्या ट्रकनं म्होरं मुंबईला गेलाय. घाबरू नका म्हणून सांगितलंय."

मी गोळ्या मोजल्या. पंधरा.

मी डॉक्टर काझींकडे धावले. ते विचारात पडले. दवाखान्यात मागच्यासारखी इंजेक्शनं थोडी होती, ऑपरेशनच्या वेळी लागतात ती. "ती मी हाताशी ठेवतो," ते म्हणाले. "पण ती शेवटच्या वेळेला. आता दिवसाला तीन गोळ्या करा. दोन जेवणाआधी, त्यात बदल नको. तिसरी कधी घ्यायची ते त्यांना ठरवू द्या. बाकी वेळ पडून राहू दे. आणि पाणी पिताना ठसका लागला, श्वास जड वाटला, तर एक क्षण थांबू नका. लगेच आणा."

मी घरी येऊन सांगितलं. वहिनीने फक्त एवढंच विचारलं, "तिसरी माझी?"

"हो. तुला पाहिजे तेव्हा."

पहिल्या दिवशी तिने ती दुपारी तीनला घेतली. अर्ध्या तासाने नीलाला पुढ्यात बसवलं, तेल लावून केस विंचरले, दोन वेण्या घातल्या आणि कन्नडमध्ये एक कोल्ह्याची गोष्ट सांगितली. गोष्ट संपली तेव्हा अजून वेळ उरला होता, म्हणून तीच पुन्हा सांगितली.

दुसऱ्या दिवशी सकाळची पूजा आटोपून, कपाळाला विभूती लावून अव्वा ज्वारी निवडायला बसली होती. वहिनी पलंगावरून उठली, मला म्हणाली, "दाक्षी, तिसरी दे."

"आत्ता? सकाळीच?"

"दे."

तिने गोळी घेतली, बिस्किट खाल्लं आणि अव्वाच्या समोर भिंतीला पाठ लावून बसली. घड्याळाकडे बघत राहिली. वीस-पंचवीस मिनिटांनी तिने गळा साफ केला.

"अत्ती," ती सासूला म्हणाली, "मला बोलायचंय तुमच्याशी. मधी बोलू नका. माझा आवाज किती येळ टिकंल सांगता येत न्हाय."

अव्वाचे हात सुपात थांबले.

"दोन वर्सं मला भांडायचंय. रोज संध्याकाळी तुमी बोलायचात आन् मी बोलायला गेली की तोंडातून भलतंच निघायचं. मंग गप बसायची. तुमी मला सोंगाडी म्हणलात. जेवताना हात लावून चावायली तर ताटावरनं उठ म्हणलात. संक्रांतीला फुलाबाई आलती, तिच्यासमोर तुमी माझी नक्कल करून दावलात, नाकातनं बोलून. मी आत होते. समदं ऐकलं मी." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "आन् दाक्षी, तू हसलीस."

मी हसले होते. मला ते आठवत होतं. मी तिथंच उभी होते आणि मला कुठं बघावं कळेना.

"मी काम चुकवत नव्हती, अत्ती. शंभर भाकरी बडवणारी बाई मी. चार भाकरीला कशाला भिईन? मला किती भ्या वाटायचं तुमाला ठाव न्हाय. पोरीला उचलायचं भ्या. पाणी प्यायचं भ्या. कुणीतरी म्हणावं की रुद्रा, काय होतंय तुला, एवढंच वाटायचं. कुणी म्हणलं न्हाय."

ती रडली नाही. आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहिला. बोलणं संपलं तेव्हा तिने एक मोठा श्वास घेतला, ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखा.

अव्वाने सुपातले दोन खडे वेचून बाजूला टाकले. मला वाटलं आता ती ओरडेल. पण ती हळू आवाजात म्हणाली, "नागप्पाचा बाप गेला तवा दाक्षी तान्ही होती. मला रोज ताप यायचा. अंगात ताप घेऊन मी धुणी धुतली लोकांची. मला कदी कुणी बस म्हणलं न्हाय. तू बसलेली दिसलीस की माझं डोस्कंच फिरायचं."

मग तिने सूप बाजूला सारलं. "भूक हाय का? गोळी हाय तवर खाऊन घे."

तिने गरम भाकरी दुधात कुस्करली, वरून थोडा गूळ घातला आणि वहिनीसमोर ठेवली. माफी वगैरे काही मागितली नाही. आमच्या घरात ती पद्धतच नव्हती. पण त्या दिवशी संध्याकाळी वहिनीचा जबडा थकला तेव्हा अव्वाने स्वतःचा तळहात तिच्या हनुवटीखाली धरला आणि म्हणाली, "चाव. सावकाश चाव." घासामागून घास, वाटी संपेपर्यंत तिने हात काढला नाही.

तिसऱ्या दिवशी अव्वानेच विचारलं, "आज तिसरी कशाला?" वहिनीने सांजवेळी घेतली आणि दारात पायरीवर जाऊन बसली. काही काम नाही, बोलणं नाही. "नुसतं बघायचंय," म्हणाली. आजारात तिला एकाच्या दोन वस्तू दिसायच्या. त्या दिवशी गल्ली एकच दिसत होती. अव्वाही तिच्याशेजारी जाऊन बसली.

अण्णाचा पत्ता नव्हता. पाच दिवस संपले, गोळ्या संपल्या.

बावीस तारखेला सकाळी वहिनी उठली तर तिला मान धरता येईना. नेहमी तिची सकाळ बरी असायची. तीही गेली होती. दहाच्या सुमाराला अव्वाने तिला चमच्याने पाणी पाजलं तर ते नाकातून बाहेर आलं. तिने छातीकडे हात नेला. बोलता येईना. मी टांगा आणायला धावले. टांग्यात अव्वाने तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं, एका हाताने जबडा वर धरला आणि टांगेवाल्याला सारखं म्हणत राहिली, "हाक बाबा, हाक. माझी सून हाय."

डॉक्टर काझी वॉर्डातच होते. इंजेक्शन दिलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. अव्वा पलंगाच्या पायाशी उभी होती. वीस मिनिटांत वहिनीच्या पापण्या वर आल्या, श्वास लांब झाला. तिने अव्वाकडे पाहिलं. अव्वाने ते पहिल्यांदाच पाहिलं होतं. जे आम्ही मार्चमध्ये बघून आलो होतो, ते.

"डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "हे म्हंजे खरंच आजार हाय की."

"खरंच आहे, आई."

अव्वा खाली फरशीवर बसली आणि पदर तोंडाला लावला.

दर काही तासांनी इंजेक्शन, असे ते चोवीस तास गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा थेट वॉर्डात आला. दाढी वाढलेली, सदरा मळलेला. मुंबईत चार दिवस तो औषधांची दुकानं पायी हिंडला होता. एका घाऊक व्यापाऱ्याने त्याची चिठ्ठी पाहून तीन बाटल्या काढून दिल्या. त्याने त्या पिशवीतून काढून पलंगावर ठेवल्या आणि वहिनीला विचारलं, "जेवलीस का?"

"तुमी जेवलात का?" ती म्हणाली. आवाज नाकातला होता, पण कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

चार-पाच दिवसांनी संप मिटला, टपाल सुरू झालं. तेव्हापासून घरात दोन महिन्यांच्या गोळ्या नेहमी शिल्लक असायच्या. ते खातं अव्वाकडे गेलं. तिला लिहिता येत नव्हतं, पण खुंटीवरच्या घड्याळात काटे कुठं आले की कुठली गोळी, हे तिने पाठ केलं होतं. शेजारी बसलेल्या पाहुणीला ती मधेच थांबवायची, "थांब ग, हिची येळ झाली."

पुढं सगळं सुरळीत झालं असं नाही. पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात वहिनीला थंडीताप आला. जवळच्या दवाखान्यात कोयनेल, म्हणजे क्विनाइन, देणार होते. अव्वाने हात धरून थांबवलं, "काझी डॉक्टरला इचारल्याबिगर न्हाय." डॉक्टर नंतर म्हणाले, ते औषध या आजारात घातक ठरलं असतं. शहात्तर साली नवी गोळी मिळायला लागली, तिचा अंमल जरा जास्त वेळ टिकायचा, पोटालाही सोसायची. लग्नाच्या भाकऱ्या मात्र तिने पुन्हा कधी केल्या नाहीत. घरात ती चार थापायची, चार मी. मी शाळेत लागले तेव्हा माझा वाटा अव्वाने घेतला.

सत्त्याहत्तरच्या वैशाखात नागणसूरला तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न निघालं. पाच वर्षं ती एकटी कुठं गेली नव्हती. अण्णा म्हणाला, मी सोडायला येतो. अव्वा म्हणाली, मीच येते, गोळ्यांचं कोण बघंल?

"मी बघीन, अत्ती," वहिनी म्हणाली. "मी नीलाला घेऊन एकटी जाते."

चार दिवस जायचं ठरलं. पाचव्या दिवशीही ती आली नाही. अव्वा दोनदा स्टँडवर जाऊन आली. सहाव्या दिवशी सकाळच्या गाडीने वहिनी उतरली. हिरवी साडी, हातात चुडा, बोटाला धरलेली नीला.

"अग, काय झालं? गोळ्या संपल्या व्हत्या का? दम लागला का?" अव्वा एका दमात विचारत होती.

"काही झालं न्हाय," वहिनी म्हणाली. "राहावंसं वाटलं. म्हणून राहिले."